मृत्यूनंतर डेंग्यू होता हे कळू शकतं का? (शवविच्छेदन, व्हिसेरा वगैरे)

गवतीचहा

नमस्कार मंडळी. विषय जड आहे, पण इथे वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत म्हणून विचारते.

माझा मावसभाऊ गेल्या वर्षी सप्टेंबरात गेला. वय ३४. नोकरीच्या गावी खोली घेऊन एकटाच राहायचा. चार दिवस ताप होता. मावशीला फोनवर म्हणाला, "आज ताप उतरलाय, उद्यापासून कामावर जातो." दुसऱ्या दिवशी फोन उचलेना. घरमालकांनी दार तोडलं. छातीवर आणि हातांवर बारीक लाल ठिपके, दंडावर काळानिळा डाग, नाकाशी सुकलेलं रक्त. पंचनाम्यात "अंगावर संशयास्पद डाग" असं आलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पोस्टमॉर्टेम झालं, रिपोर्टवर "व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव". आठ महिन्यांनी सी.ए. (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट आला, विष सापडलं नाही. बस्स. पुढे काहीच नाही.

त्या गल्लीत तेव्हा तीन घरांत डेंग्यू होता हे नंतर कळलं. मावशीच्या डोक्यातून मात्र ते डाग जात नाहीत. तिचं एकच पालुपद, "माझ्या पोराला कुणीतरी मारलं." पूर्वी त्याच्याबरोबर राहत असलेल्या मुलाची पोलिसांनी दोन वेळा चौकशी केली, तोही बिचारा अजून हादरलेला आहे.

एवढं सगळं तपासायला पाठवलं तर डेंग्यू का नाही सापडला? आणि आता काही करता येईल का?

खडीसाखर

फार वाईट वाटलं वाचून. माहिती काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

उंबरठा

गवतीचहा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. मी न्यायवैद्यक विभागात २६ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: डेंग्यू सापडला नाही, कारण तो कुणी शोधलाच नाही.

व्हिसेरा पाठवला म्हटलं की लोकांना वाटतं आता सगळं तपासतील. तसं नसतं. जठर आणि लहान आतड्याचा भाग एका बरणीत, यकृताचा तुकडा, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग दुसऱ्या बरणीत, वर मिठाचं संपृक्त द्रावण, म्हणजे तळाशी मीठ न विरघळता राहील इतकं. रक्त वेगळ्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालून. हे जातं न्यायसहायक प्रयोगशाळेत, आणि तिथे बघतात कीटकनाशक, झोपेच्या गोळ्या, दारू, धातू. त्यांचं काम रसायनांचं. "विष सापडलं नाही" याचा अर्थ तेवढाच.

विषाणू शोधायचा तर वाट पहिल्या दिवसापासून वेगळी असते. यकृत-प्लीहेचे ताजे तुकडे निर्जंतुक डबीत, बर्फावर, लवकरात लवकर उणे ७० अंशांच्या आसपास. मांडीच्या शिरेतलं रक्त साध्या बाटलीत, गोठू देऊन सीरम वेगळं काढलेलं. मेंदूज्वराची शंका असेल तर पाठीच्या कण्यातलं पाणी आणि मेंदूचे तुकडे. मिठात घातलेलं यकृत आणून मला "यात डेंग्यू बघा" म्हणाल, तर मी हात जोडेन.

आता डाग. प्लेटलेट्स खूप उतरल्या की कॉटच्या कडेला दंड टेकला तरी काळानिळा डाग उठतो. डोळ्यांच्या आतल्या त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले की आमच्यातल्या नवशिक्याच्या मनात पहिली शंका गळा दाबल्याची येते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या तार्द्युने फुप्फुसावरचे असे ठिपके श्वास कोंडल्याची खूण मानले होते, पुढे कळलं की ते पन्नास कारणांनी येतात. म्हणून गळ्याचे स्नायू थराथराने सोडवून बघायचे, हायॉइड (गळ्यातलं नाजूक) हाड बघायचं. ते शाबूत असेल तर नुसत्या ठिपक्यांवर खून उभा राहत नाही.

तुमच्याकडे पीएम रिपोर्टची प्रत आहे का? त्यात छातीत किंवा पोटात पाणी किती लिहिलंय ते बघा. नंतर बोलू.

हुप्प्या

म्हणजे सरकारी खात्यात माणसाचं पण लोणचं घालतात म्हणा.

खडीसाखर

हुप्प्या, वेळ-काळ बघत जा रे.

हुप्प्या

चुकलं. गवतीचहा ताई, माफ करा.

गवतीचहा

माफ केलं. मावशीच्या घरी वर्षभर कुणी हसलेलं नाही, इथे एक ओळ तरी बरी. रिपोर्ट मावशीच्या कपाटात आहे, रविवारी जाईन तेव्हा बघते.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. उंबरठा सरांना पुढे जोडते.

जिवंत माणसातसुद्धा डेंग्यूची कुठली टेस्ट कधी करायची याचं गणित असतं. पहिले साधारण पाच दिवस विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी टेस्ट) आणि एनएस-१ (विषाणूचं प्रथिन). चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम, म्हणजे शरीराने केलेली पहिली प्रतिपिंडं, वर यायला लागतं. डेंग्यू दुसऱ्यांदा झालेला असेल तर एनएस-१ लवकर नाहीसं होऊ शकतं आणि आयजीएम कमीच चढतं, म्हणजे नेमका जास्त धोक्याचा पेशंट टेस्टमध्ये निसटायची शक्यता. हा भाऊ पाचव्या दिवशी गेला, म्हणजे ऐन सांध्यावर.

मृत्यूनंतर त्यात भर पडते ती रक्त फुटण्याची. तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालभडक होतं. रक्तातलं हीम (लोह असलेलं रंगद्रव्य) पीसीआरच्या रसायनांना अडवतं, एलायझाचे (प्रथिनं-प्रतिपिंडं मोजणाऱ्या लॅब टेस्टचे) आकडेही डळमळतात. बाजारातले किट जिवंत माणसाच्या रक्तावर पडताळलेले असतात. तरी योग्य वेळी घेतलेल्या नमुन्यात एनएस-१ मृत्यूनंतरही सापडतं, यकृत-प्लीहेत पीसीआरही लागते. अशक्य काही नाही, फक्त कुणाला तरी त्या टेबलापाशी शंका यायला हवी.

निवांत_नाना

यात डॉक्टर लोक साधं सांगत नाहीत. पपईच्या पानाचा रस दोन चमचे वेळेवर दिला असता तर पोरगा वाचला असता. आमच्या सोसायटीत १२ हजारांवरून प्लेटलेट्स दोन दिवसांत लाखावर.

सूक्ष्मदर्शी

नाना, डेंग्यूत प्लेटलेट्स सहाव्या-सातव्या दिवसानंतर आपोआप चढतात. रस, किवी, बकरीचं दूध, जे काही त्या दिवशी पोटात असेल त्याला श्रेय मिळतं. आणि माणूस बहुतेक वेळा प्लेटलेट्समुळे जात नाही. केशवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी छाती-पोटात उतरतं, रक्त घट्ट होतं आणि बीपी कोसळतं. हे घडतं ताप उतरताना. "उतरलाय, उद्या कामावर जातो" हे वाक्य वाचून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण धोक्याचे दोन दिवस तिथूनच सुरू होतात.

निवांत_नाना

किवी सत्तर रुपयाला एक विकत होता तेव्हा. बकरीचं दूध तर विचारूच नका.

हुप्प्या

बकरीला माहीत असतं तर तिने ईएमआयवर दिलं असतं.

तळटीप

कायद्याच्या बाजूने थोडं. अकस्मात मृत्यूची चौकशी पूर्वी सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) १७४ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम १९४. पोलिसांचा प्रश्न ठरलेला असतो: कुणी मारलं का, स्वतः केलं का, की नैसर्गिक? नैसर्गिक म्हटलं की फाईल बंद. कुठला आजार, हे तपास अधिकाऱ्याला लागत नाही. ते लागतं आरोग्य खात्याला आणि घरच्यांना, आणि त्या दोघांपैकी शवागारात कुणीच उभं नसतं.

एक अवांतर. भावाचा अपघाती विमा असेल तर त्यावर आशा ठेवू नका. डास चावणं हा अपघात का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. एक गृहस्थ मोझांबिकमध्ये चहाच्या कारखान्यात कामाला होता, मलेरियाने गेला. गृहकर्जाबरोबर अपघात विमा होता. ग्राहक आयोग म्हणाला, डास चावेल हे कुणी आधी ठरवत नाही, म्हणजे अपघातच. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं: जिथे दर तिघांत एकाला मलेरिया होतो तिथे डास चावणं अनपेक्षित म्हणता येत नाही.

हुप्प्या

म्हणजे डास कमी असलेल्या गावात चावला तर अपघात?

तळटीप

हा प्रश्न तुम्ही थट्टेत विचारलात, पण एखादा वकील गंभीरपणे विचारेल.

रानपाखरू

आमच्या विदर्भात चांदीपुरा नावाचा डासांचा विषाणू आहे, लहान मुलं २४ तासांत जातात. २००३ साली खूप गेली होती. त्याचं पण पोस्टमॉर्टेममध्ये काही कळत नाही म्हणे.

सूक्ष्मदर्शी

रानपाखरू, चांदीपुरा डासांचा नाही, वाळूमाशीचा. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात १९६५ ला सापडला म्हणून ते नाव. मुलं झपाट्याने जातात हे मात्र खरं, त्यामुळे रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच मिळत नाही आणि पीसीआरवरच भिस्त असते. डासांचा मेंदूज्वर हवा असेल तर जपानी मेंदूज्वर. त्यात मेंदूचा थॅलॅमस नावाचा भाग मुख्यतः सडतो, आणि पाठीच्या पाण्यातलं आयजीएम रक्तातल्यापेक्षा जास्त विश्वासाचं.

रानपाखरू

वाळूमाशी, बरं. आमच्याकडे चावतं त्या सगळ्याला मच्छरच म्हणतात.

पेरूचीफोड

मी कामानिमित्त दोन वर्षं ब्राझीलमध्ये होतो, तिथली गोष्ट सांगतो, इथे चपखल बसेल.

१९३० च्या सुमारास तिथे पीतज्वराचा (यलो फीवरचा) माग काढायला रॉकफेलर फाउंडेशनच्या लोकांनी 'व्हिसेरोटोम' नावाचं एक हत्यार काढलं. ताप येऊन दहा दिवसांच्या आत जो कुणी मेला, त्याच्या पोटातून शवविच्छेदन न करता यकृताचा छोटा तुकडा काढायचा आणि फॉर्मेलिनमध्ये टाकून पाठवायचा. हे करायला डॉक्टरच हवा असंही नव्हतं, गावातला कुणी शिकलेला माणूस नेमलेला असे. पुरण्याआधी तुकडा दिला पाहिजे अशी सक्ती. लोक चिडले, मारामाऱ्या झाल्या. पण त्या तुकड्यांवरून कळलं की शहरातला पीतज्वर संपला असं समजत होते तेव्हा जंगलाच्या कडेला तो निवांत चालू होता. मेलेल्यांनी जिवंतांना दाखवलेला नकाशा.

आजही तिथे दोन वेगळ्या संस्था असतात: गुन्ह्याच्या मृत्यूंसाठी एक, आणि आजाराने पण कारण न कळता झालेल्या मृत्यूंसाठी दुसरी. सेआरा राज्यात २०१७ ला चिकनगुनियाची लाट आली तेव्हा या दुसऱ्या संस्थेने मृतदेहांचे नमुने तपासले आणि जो आजार "फक्त सांधे धरतो" म्हणायचे तो माणसं मारतो हे दाखवलं. गवतीचहांचा भाऊ तिथे असता तर तो मिठाच्या बरणीकडे गेलाच नसता.

उंबरठा

पेरूचीफोड, छान आठवण काढलीत. प्वेर्तो रिकोतही असंच काहीसं झालं. २०१० च्या डेंग्यूच्या लाटेच्या सुमारास तापाने झालेल्या मृत्यूंचे नमुने तिथली न्यायवैद्यक संस्था मुद्दाम डेंग्यूच्या प्रयोगशाळेकडे पाठवू लागली. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे मृतदेह एकाच टेबलावर, एकाच दिवशी. मी स्वतः एका पावसाळ्यात एका दिवसात अकरा केलेत. अकराव्याला बर्फाची पेटी आठवत नाही, खरं सांगतो.

बार्शीकर

चिकनगुनियाचा विषय निघालाच आहे तर, १९७३ ला आमच्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. आजोबा सांगायचे, अख्खं गाव वाकून चालत होतं. नंतर नाव कळलं तेव्हा घरात हसू आलं, कारण चिकनगुनिया हा शब्दच टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या बोलीतला, अर्थ 'वाकवणारा'. २००६ ला परत आला तेव्हा सगळे म्हणत होते याने कुणी मरत नाही. त्याच वर्षी अहमदाबादेत ऑगस्ट ते नोव्हेंबरात नेहमीपेक्षा सुमारे २,९०० मृत्यू जास्त झाले असं नंतर मृत्यूनोंदींवरून काढलं गेलं. दाखल्यावर त्यांतल्या कितींच्या नावापुढे चिकनगुनिया असेल?

सूक्ष्मदर्शी

बार्शीकर +१. डेंग्यूचंही तेच. सरकारी आकड्यात तो मृत्यू धरायला एलायझा पॉझिटिव्ह लागते, गल्लीतल्या कार्ड टेस्टवर तो "संशयित" राहतो. आणि टेस्टच झाली नसेल तर संशयितही नाही.

अवांतराला अवांतर: जगभर डेंग्यूचे विषाणू ज्या पेशींवर वाढवतात त्या सी-६/३६ पेशींचं मूळ पुण्याचं आहे. तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत), के. आर. पी. सिंग यांनी १९६७ ला डासाच्या अळ्यांपासून त्या पेशी तयार केल्या. त्यांतून पुढे १९७८ ला इगाराशी या संशोधकाने सी-६/३६ ही उपशाखा निवडली.

हुप्प्या

पुणेकर डास. दुपारी एक ते चार चावत नसेल.

निवांत_नाना

चावतो, पण आधी पाटी लावतो.

कंदील

मी कधी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझे वडील सरकारी शवागारात चतुर्थश्रेणी कर्मचारी होते. कापायचं काम तेच करायचे, डॉक्टर सांगतील तसं. ते घरी येऊन म्हणायचे, "आज पाण्याचा माणूस होता." म्हणजे छाती उघडली की पिवळं पाणी भळाभळा. पावसाळा संपता संपता असे बरेच यायचे, तरणेताठे, अंगावर जखम नाही. त्यांना एनएस-१ माहीत नव्हतं, पण असा कुणी आला की त्या आठवड्यात आमच्या घरी पाण्याची पिंपं घासली जायची.

खडीसाखर

कंदील, लिहीत जा हो.

उंबरठा

कंदील, तुमच्या वडिलांसारख्यांकडून मी निम्मं शिकलो. 'पाण्याचा माणूस' हा शब्द मी आमच्याकडेही ऐकलाय.

पण एक सावधगिरी मीच सांगतो, नाहीतर सगळे पाण्यावरून डेंग्यू ठरवायला लागतील. लेप्टोमध्येही (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) ठिपके असतात, मलेरियात प्लेटलेट्स पडतात, हृदय थकलं तरी छातीत पाणी येतं. आणि उलटही खरं: टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे डेंग्यूनेच मेला असं नाही. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकतं. जुलैत डेंग्यू होऊन गेलेला माणूस सप्टेंबरात ट्रकखाली आला तरी त्याचं आयजीएम पॉझिटिव्ह येईल. माणसाच्या अंगात काय होतं आणि माणूस कशाने गेला, हे दोन प्रश्न आहेत. उलटतपासणीत वकील पहिला घाव याच फटीवर घालतो.

गवतीचहा

रविवारी जाऊन आले. रिपोर्टची प्रत काढली. मराठी-इंग्रजी मिसळ आहे, जमेल तसं लिहिते. उजव्या छातीत ७०० मिली पिवळसर पाणी, डाव्या ४००. पोटातही पाणी. पित्ताशयाची भिंत सुजलेली. हृदयाच्या बाहेरच्या आवरणावर ठिपके. गळ्याचं सगळं ठीक, हायॉइड शाबूत. यकृत, फुप्फुस, हृदय आणि मेंदूचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला) दिलेत. त्याचा वेगळा कागद आहे, त्यावर जवळजवळ सगळीकडे एकच शब्द, 'कंजेशन', म्हणजे रक्त साचलेलं.

आणि एक सांगायचं आहे. त्याचा फोन मावशीने चार्ज करून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही. माझ्यासमोर तिने तो उघडला. ईमेलमध्ये तापाच्या तिसऱ्या दिवशीचा एका लॅबचा रक्ताचा रिपोर्ट होता. तो स्वतःच जाऊन रक्त देऊन आला होता. मेल वाचलेला नव्हता. प्लेटलेट्स ३८ हजार, पांढऱ्या पेशी २,१००, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ५२.

सूक्ष्मदर्शी

अरे देवा. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी, आणि हिमॅटोक्रिट ५२ म्हणजे पाणी झिरपून रक्त घट्ट व्हायला लागलं होतं. लॅबने असा आकडा आला की फोन करायचा असतो. आम्ही करतो. कधीकधी नंबर चुकीचा असतो, कधी कुणी उचलत नाही.

उंबरठा

गवतीचहा, आता नीट वाचा.

हे सगळं एकत्र धरलं तर माझं मत डेंग्यूकडे झुकतं. पण झुकणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. मारल्याच्या बाबतीत मात्र मी जास्त ठामपणे बोलेन: तुम्ही लिहिलंत त्यात मारहाणीचं किंवा गळा दाबल्याचं काही नाही.

बरणीतलं विसरा. पण फॉर्मेलिनमधले तुकडे हिस्टोला गेले असतील तर त्यांचे पॅराफिनचे ब्लॉक झाले असणार, मेणात बसवलेले चौकोनी तुकडे. ते वर्षानुवर्षं कपाटात साध्या तापमानाला टिकतात. 'कंजेशन' लिहिणाऱ्याने पुढे शोधलं नाही, पण ब्लॉकमधलं यकृत अजून आहे. त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री होऊ शकते, म्हणजे डेंग्यूचं प्रथिन यकृतातल्या कुप्फर नावाच्या पेशींत रंगवून बघायचं. पीसीआरचाही प्रयत्न करता येतो, फॉर्मेलिनने आरएनएचे तुकडे पडलेले असतात म्हणून हमी नाही. निगेटिव्ह आलं तर "नव्हता" असा अर्थ काढू नका, हे आधीच मावशींना सांगून ठेवा.

ब्लॉक तुमच्या हातात कुणी देणार नाही. अर्ज तपास अधिकाऱ्याच्या नावाने करा, सोबत लॅबचा रिपोर्ट जोडा. त्यांनी न्यायवैद्यक विभागाला पत्र दिलं की ब्लॉक पुढे पाठवता येतो. लॅबचा रिपोर्ट आधी कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्यावरून मताचा फेरविचार मागणं रास्त आहे.

तळटीप

अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. आणि ईमेलचा नुसता फोटो नको, लॅबकडून सही-शिक्क्याची प्रत मागा.

निवांत_नाना

त्या बरोबर राहणाऱ्या मुलालाही कुणीतरी सांगा हो.

गवतीचहा

नाना, काल केला त्याला फोन. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मी घर बदललं नसतं तर दवाखान्यात नेला असता." त्याला काय उत्तर द्यायचं कळलं नाही.

मावशीला आकडे समजावले. तिने फक्त विचारलं, दुखलं असेल का. सोमवारी रजा काढून ठाण्यात जातेय, अर्ज लिहून झालाय. सर, अर्जात ब्लॉकचा नंबर घालायला लागतो का?

उंबरठा

हिस्टोच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात बघा, आकडा, तिरपी रेघ आणि वर्ष असं काहीतरी असेल. तोच घाला. कपाटात शोधणाऱ्याला तेवढंच लागतं.